त्रिरश्मीच्या उतारावरची माती

नाशिकच्या इंदिरानगर भागात एखाद्या नव्या इमारतीचा पाया खणणे चालू असेल, तर विद्यार्थ्यांना घेऊन जरूर जा. ठेकेदाराची परवानगी घेऊन, खड्ड्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून भिंतीसारख्या उभ्या कापाकडे पाहा. वर कुठे हात-दोन हात जाडीचा काळ्या मातीचा थर दिसेल, कुठे त्याहून कमी. उन्हाळ्यात त्या काळ्या थराला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. त्याखाली पिवळसर-तांबूस मुरूम. मुरमाच्या खाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल दगड आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. विहीर खणणारे हाच क्रम त्यांच्या भाषेत सांगतात : माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण.

आता मान वर करून नैर्ऋत्येला पाहा. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर उभा आहे. त्याच्या उत्तर अंगावर पांडवलेणी कोरलेली आहेत. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. संस्कृतात ते ‘त्रिरश्मी’. पायाच्या खड्ड्यातला काळा थर आणि डोंगराच्या उतारावरचा लाल-तपकिरी, खडेमिश्रित पातळ थर यांचा जन्म एकाच प्रकारच्या खडकातून झाला आहे. मग एक काळा आणि दुसरा तांबडा का? एकावर कापूस आणि गहू पिकतो, तर दुसऱ्यावर कुसळी गवत आणि निवडुंग, असे का? आणि डोंगर खाणीसाठी फोडला तर नेमके काय जाते? या प्रश्नांची उत्तरे भूगोलात आहेत तशीच इतिहासातही आहेत.

एकच खडक, दोन माती

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या बेसॉल्ट खडकाचा बनला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. सगळे थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट थर झिजायला वेळ लागतो, म्हणून त्याचे कडे उभे राहतात. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि तिथे सौम्य उतार तयार होतो. सह्याद्रीच्या आणि त्याच्या पूर्वेकडील डोंगरांना जो पायऱ्यांचा आकार आहे, तो यामुळेच.

बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. पावसाचे पाणी त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे किंचित आम्लधर्मी असते. ते खडकाच्या भेगांत शिरते आणि खनिजांचे विघटन करते. डोंगराच्या वरच्या अंगाला पाणी थांबत नाही. सुटे झालेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडी सिलिका ते खाली घेऊन जाते. मागे राहते लोह, आणि त्याला गंज चढतो. म्हणून उतारावरची माती तांबूस. पायथ्याशी उतार मंदावतो, पाणी रेंगाळते. वरून आलेली सिलिका, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिथे जमतात आणि त्यांपासून मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार होते. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. काळ्या जमिनीच्या भेगांचे कारण ते हेच.

काळ्या मातीचा रंग पाहून तिच्यात सेंद्रिय पदार्थ खूप असतील असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच भरतो. हा थोडासा ह्यूमस चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो, म्हणून माती इतकी काळी दिसते.

उतारावरून खाली येताना मातीचे प्रकार एकामागून एक ठरावीक क्रमाने बदलत जातात, हे पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमारास मांडले. या क्रमाला त्याने ‘कॅटेना’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळी. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ही साखळी नावांसकट ठाऊक होती. माथ्याजवळची ती बरड, त्याखाली माळ, मग कोरळ आणि ओढ्याकाठची काळी. प्रत्येक नावामागे खोली, ओल आणि पीक यांचा हिशेब आहे.

लेण्यांच्या भिंतीवरचा जमिनीचा इतिहास

या डोंगराचे भाग्य असे, की त्याच्या परिसरातील जमिनीची सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची कागदपत्रे त्याच्याच दगडावर कोरून ठेवलेली आहेत. नाशिकच्या लेण्यांकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष १८२० च्या दशकात गेले. पुढे रा. गो. भांडारकर आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे लेख वाचण्याचे मोठे काम केले. भगवानलालांचे लेण्यांवरील विवेचन १८८३ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये छापले गेले.

इतिहासाच्या पुस्तकांत या लेखांतून आपण राजे शोधतो : नहपान, उषवदात, गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी. आज आपण त्यांत जमीन शोधू.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची दोन आज्ञापत्रे आहेत. पहिले त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षीचे. त्यात पश्चिम कखडी गावातील दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याचे म्हटले आहे. हे शेत तोवर उषवदाताकडे होते. दुसरे पत्र २४ व्या वर्षीचे, आणि ते फारच बोलके आहे. पूर्वी दिलेले कखडीचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी येथील नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातील शंभर निवर्तने द्यावीत, असा त्याचा आशय आहे.

सहा वर्षांत शेत पडीक आणि गाव ओसाड! का ते लेख सांगत नाही. सातवाहन आणि क्षहरात यांच्या लढाईत गाव उठले असेल, पाऊस लागोपाठ हुकला असेल, किंवा जमीनच हलकी असेल. पुराव्याशिवाय यांपैकी एक निवडणे योग्य नव्हे. पण एवढे नक्की, की जमिनीचे मोल तिच्या क्षेत्रफळात नसून ती पिकते की नाही यात आहे, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होते. पडीक दोनशेच्या जागी त्यांनी शंभरच दिली, पण ती नगराला लागून दिली.

या दानांबरोबर ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांतील एक आपल्या विषयाला थेट भिडते. राजाच्या माणसांनी त्या जमिनीत शिरायचे नाही, तिला हात लावायचा नाही आणि ‘अलोणखादक’, म्हणजे मिठासाठी ती खणायची नाही. जमीन कसणे हा एक हक्क आणि तिच्या पोटातले काढणे हा दुसरा, हा भेद इतका जुना आहे. आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम ४८ प्रमाणे जमिनीखालील खनिजांवर सरकारचा हक्क आहे. गौतमीपुत्राने तो हक्क एका दानापुरता सोडून दिला होता.

लेखांतील गावांची नावेही पाहण्यासारखी आहेत. उषवदाताने नारळाची आठ हजार झाडे ज्या गावी दिली त्याचे नाव ‘चिखलपद्र’. चिखल हा शब्द आपण आजही तसाच वापरतो. पुळुमावीच्या लेखातील ‘सामलिपद’ हे नाव अभ्यासक शाल्मलीपद्र असे लावतात. शाल्मली म्हणजे काटेसावर. एका गावाला मातीने नाव दिले, दुसऱ्याला झाडाने. आणखी एका लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्या श्रेणीच्या नावातच तीळ आहे. मध्यम आणि हलक्या जमिनीत, मोजक्या पावसावर येणारे हे पीक.

लेणी हीसुद्धा एक खाणच

थोडा हिशेब करू. तिसऱ्या लेण्याचा मुख्य दिवाणखाना ढोबळ मानाने ४० फूट रुंद, ४५ फूट खोल आणि १० फूट उंच धरू. म्हणजे १८,००० घनफूट, अर्थात सुमारे ५१० घनमीटर दगड काढला गेला. एका घनमीटर बेसॉल्टचे वजन साधारण २.८ टन. गुणाकार केला तर सुमारे १,४०० टन भरतात. भिक्षूंच्या खोल्या आणि ओसरी यांत धरलेली नाही. छिन्नी-हातोडीने हे काम व्हायला किती काळ लागला असेल त्याची कल्पना करावी. ताशी शंभर टन खडी करणाऱ्या आजच्या मध्यम आकाराच्या क्रशरला एवढा दगड दोन दिवसही पुरणार नाही.

पण फरक केवळ वेगाचा नाही. लेणी कोरणाऱ्यांनी दगड डोंगराच्या पोटातून काढला. माथ्यावरची माती जागेवर राहिली. उतारावरून येणारे पाणी त्यांनी खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवले. लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि लेण्याबरोबर पोढी दान केल्याचा उल्लेख आवर्जून येतो. आजची दगडखाण उलट्या टोकाने सुरू होते. आधी झाडे-झुडपे, मग माती, मग भरावासाठी मुरूम आणि शेवटी सुरुंग लावून पाषाण. म्हणजे जे तयार व्हायला सर्वाधिक काळ लागला, ते सर्वांत आधी जाते.

सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत

मधली अनेक शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकात येऊ. इंग्रजांना जमिनीवर सारा ठरवायचा होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली आणि १८४० च्या दशकात ती नाशिक भागातही आली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम एकत्र मांडले गेले. या पद्धतीत मातीचे तीन मुख्य प्रकार होते : बारीक पोताची काळी ते गडद तपकिरी, त्याहून भरड आणि बहुधा तांबूस, आणि खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट. मातीची खोली हातांत मोजायची. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे सोळा आणे. खोली पाव-पाव हाताने कमी झाली की प्रत घसरायची. नवव्या आणि शेवटच्या प्रतीला दोन आणे.

यावर पुन्हा दोष धरायचे. चुनखडीचे खडे, वाळू, चिकटपणाचा अभाव, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुऊन जाण्याची भीती अशा प्रत्येक दोषाला एक खूण होती. उतार हाही दोषच होता. त्याची खूण म्हणजे एक तिरकी रेघ. एक दोष, एक प्रत खाली.

साऱ्यासाठी ही पद्धत चोख होती. कुदळीने खणून, हाताने मोजून, डोळ्यांनी पाहून मातीची इतकी बारीक नोंद त्यापूर्वी इथे झाली नव्हती. परंतु तिचा प्रश्न एकच होता : या जमिनीतून सरकारला किती मिळेल? डोंगराच्या उतारावरची वीतभर माती या प्रश्नाला काहीच उत्तर देत नव्हती. ती पोटखराब, पडीक, खडकाळ ठरली. कागदावरची ही किंमत हळूहळू आपल्या मनातही उतरली. ज्या जमिनीला आण्यांत मोल नाही, ती फोडली तर कोणाचे काय जाते, असे वाटू लागले. दगडखाणीचा नकाशा आखला जाण्याच्या कितीतरी आधी डोंगर असा निकालात निघालेला असतो.

त्या वीतभर मातीवर काय उगवते

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून पन्नासेक किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो सुमारे सातशेवर येतो आणि पूर्वेला सिन्नरकडे आणखी घटतो. बाष्पीभवनाने हवा जितके पाणी मागते ते मात्र वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त आहे. पाऊस या मागणीच्या निम्म्याहून कमी असेल तर तो प्रदेश निमशुष्क समजतात. त्रिरश्मी या सीमारेषेवर उभा आहे. त्यातही उतारावर पडलेले बरेचसे पाणी वाहून जाते, म्हणून पायथ्याच्या मानाने उतार अधिकच कोरडा.

अशा उतारावर टिकणाऱ्या प्रत्येक वनस्पतीने पाण्याचा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे. साबर निवडुंग खोडात पाणी साठवतो. सलाई आणि धावडा पाने गाळून उन्हाळा काढतात. सलाई तर खडकाच्या भेगेतही मुळे रुजवते. तरवड उन्हातही फुलतो आणि जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. हिवर, खैर, बोर यांना काटे आणि बारीक पाने. फोडशी वर्षातले आठ महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात काढते आणि पहिल्या पावसाबरोबर वर येते. कुसळी गवताची युक्ती तर सर्वांत गमतीची. तिच्या बीला पिळदार शेपूट असते. हवेतील ओलाव्याबरोबर तो पीळ सुटतो आणि पुन्हा बसतो, आणि बी स्क्रूसारखे मातीत शिरते. मुलांना हे बशीत थेंबभर पाणी टाकून पाच मिनिटांत दाखवता येते.

उतार कोणत्या दिशेला आहे यानेही फरक पडतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तर उतारावर ऊन तिरपे पडते आणि ओल अधिक दिवस टिकते. लेणी उत्तर अंगाला आहेत, याचा गारवा भिक्षूंनाही मिळाला असणार.

१८६० च्या दशकात रेल्वे आली आणि लाकूड-जळणाची मागणी वाढली. त्यानंतरची तोड, चराई आणि वणवे यांनी डोंगर उघडे होत गेले. विसाव्या शतकात वनीकरण झाले, पण त्यात मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पासारख्या झाडांचा भरणा बराच होता. डोंगर हिरवा दिसला, पण गवत आणि कंद यांचे जुने घर परत आले असे म्हणता येत नाही.

खाणीने काय दिले, काय नेले

खाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपली घरे, रस्ते, शाळेच्या भिंती या खडीवरच उभ्या आहेत. पांडवलेणी परिसरातील दगडखाणींत बेसॉल्टच्या पोकळ्यांतून अपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि पॉवेलाइटचे असे स्फटिक मिळाले, की जगभरच्या संग्राहकांत नाशिकचे नाव झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचा संग्रह पाहता येतो. खाण नसती तर डोंगराच्या पोटातले हे सौंदर्य कळलेच नसते.

पण मागे जे उरते ते असते उभा उघडा कडा, तळाशी साचलेले पाणी आणि भोवती दगडाच्या चुऱ्याचे ढीग. या चुऱ्यात कॅल्शियम आहे, लोह आहे. पण झाडाला सर्वाधिक लागणारे एक मूलद्रव्य जवळपास नाही. ते म्हणजे नायट्रोजन. तो खडकातून येत नाही. हवेतला नायट्रोजन जिवाणूंनी बांधायचा आणि पालापाचोळ्याने साठवायचा, असा त्याचा मार्ग आहे. इंग्लंडमधील अँथनी ब्रॅडशॉ यांनी खाणींच्या ढिगाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्या पायावर उभे राहणारे वनस्पतिजीवन परत यायचे, तर तिकडच्या हवामानात मातीत हेक्टरी सुमारे १,००० किलो नायट्रोजनचे भांडवल जमावे लागते, असा त्यांचा अंदाज होता. जुलैत खाणीत खड्डे खणून लावलेली रोपे मे महिन्यात काटक्या का होतात, त्याचे एक कारण इथे आहे. दुसरे कारण, चुरा पाणी धरून ठेवत नाही.

मग उपाय नाहीच का? आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विदर्भातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड, नायट्रोजन बांधणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा वापरून झाडे वाढवून दाखवली. म्हणजे आधी माती घडवायची, मग झाड लावायचे. मोठ्या खनिजांच्या खाणींसाठी १९८८ च्या आणि नंतर २०१७ च्या नियमांत वरची माती वेगळी काढून जपून ठेवण्याचे बंधन आहे. दगड, मुरूम यांसारखी गौण खनिजे बराच काळ पर्यावरणीय परवानगीच्या कक्षेबाहेर राहिली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही ती आवश्यक ठरवली. तरीही २०२१ मध्ये ब्रह्मगिरी आणि संतोषा डोंगरांच्या खोदकामावरून नाशिकच्या नागरिकांना आवाज उठवावा लागला.

प्रश्न फक्त झाडांचाही नाही. उतारावरची माती आणि मुरूम मिळून एक स्पंज असतो. पावसाचे पाणी त्यात अडते, भेगांतून मुरते आणि पायथ्याच्या विहिरींना हिवाळाभर पुरवठा करते. भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन माती धुपते, असा अंदाज १९८३ मध्ये मांडला गेला होता. म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरचा थर. बेसॉल्टपासून बोटभर माती व्हायला मात्र शेकडो वर्षे लागतात. खाणीत हे सारे एका दुपारी संपते.

वर्गासाठी

डोंगराच्या मध्यापासून ओढ्यापर्यंत एका सरळ रेषेत चार ठिकाणची मूठ-मूठ माती आणा. प्रत्येक ठिकाणी लोखंडी सळई किती खोल जाते ते मोजा आणि भोवतालची पाच झाडे-गवते लिहून ठेवा. शाळेत प्रत्येक माती काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवून रात्रभर ठेवा. खडे, वाळू, गाळ, चिकणमाती असे थर दिसतील. थोड्या मातीवर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. उतारावरची माती आणि ओढ्याकाठची माती यांत बुडबुडे कुठे जास्त, ते मुलांनाच शोधू द्या. कारण ते स्वतः सांगतील. जवळ बंद पडलेली खाण असेल तर तिथला चुरा पाचव्या बाटलीत भरा. मात्र खाणीच्या कड्याजवळ किंवा पाण्याजवळ मुलांना नेऊ नका. चुरा शिक्षकांनीच आणावा.

शेवटी मुलांना एक काम द्या. १८४७ च्या त्या यादीत उतार हा दोष होता. तुम्ही स्वतः मोजणी-कामगार आहात असे समजा आणि याच उताराला पुन्हा आणे द्या. पण या वेळी केवळ पिकाचे नव्हे, तर पायथ्याच्या विहिरीचे, गवताचे, गुरांचे आणि पाखरांचेही धरून. किती आणे भरतात, ते पाहा.

गौतमीपुत्राच्या कारभाऱ्यांनी पडीक शेताच्या बदली दुसरे शेत देता आले. डोंगराच्या बदली दुसरा डोंगर कोणत्याही आज्ञापत्राने देता येणार नाही.